आमच्या घराचं नेट आणि अंबादासअण्णा

अंबादासअण्णांवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की माणसाबद्दल लिहिलं चांगलं आणि पोटात काहीतरी वेगळंच ठेवलं. राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. पण सोलापुरात घरोघरी नेट लावून देणाऱ्या माणसांपैकी डोळ्यांसमोर येतो तो हा एकच, त्याला माझा इलाज नाही.

अण्णा साठीच्या पुढचे. बुटके, काटक, पांढऱ्या फुल शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात टेस्टर आणि एक काळं जाड पेन. खांद्याला जाड्याभरड्या कापडाची पिशवी. घर तेलुगू, उभी हयात यंत्रमागावर फिटर म्हणून गेलेली. माग एकेक करून बंद पडायला लागले तेव्हा पन्नाशीच्या तोंडावर हा माणूस टीव्हीच्या केबलवाल्यांबरोबर वायरी ओढायला जाऊ लागला, आणि तिथून नेटकडं वळला. इंग्रजी अक्षरं वाचता येत, पण बेतानं. तरी कुठलंही यंत्र समोर आलं की उघडायच्या आधी त्यावर तळहात ठेवायचे. डॉक्टर नाडी बघतो तसं नाही, गाय व्याली की माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवतो तसं. ही मागावरची सवय असं ते म्हणायचे.

आवाज कधी चढायचा नाही. पंचवीस-तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाचा आवाज खरं म्हणजे मोठा हवा. यांचा उलटा. समोरच्यालाच गप्प बसून ऐकावं लागायचं, आणि मला गप्प बसायची सवय नाही.

मी बारदानाचा व्यापारी. मोडनिंबहून आलो, आधी पोती उचलली, मग जुनी पोती विकली, मग नवी. भवानी पेठेत तीन मजली घर बांधलं ते एकेक वीट घासाघीस करून. खाली गोदाम, मधे मी आणि बायको सुमन, वरचा मजला महेशसाठी, म्हणजे मुलासाठी. महेशचं लग्न झालं ती मुलगी, प्राजक्ता, पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. लग्नानंतर महेशही पुण्याला गेला आणि वरचा मजला कुलपात पडला. मग एक दिवस प्राजक्ताच्या कंपनीनं तिला सांगितलं की तीन महिने घरून काम करून बघा. नेट नीट चाललं, कामात खंड पडला नाही, तर कायमचं सोलापूरहून करा. नाहीतर परत ऑफिसात या. दोघं आले. पण पुण्यातली भाड्याची खोली सोडली नाही, आणि सामान निम्मंच आणलं. त्या निम्म्या सामानावरून मला सगळं कळत होतं. तीन महिन्यांत नेट बिघडलं तर महेश जाणार, आणि माझ्यामागं गोदामाला कुलूप.

नेटच्या कंपनीचा माणूस आला आणि खाली गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागं, एक पेटी ठोकून गेला. हीच लाइन आणते आणि हीच वायफाय देते म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर प्राजक्ताच्या टेबलापाशी त्या वायफायचं नावसुद्धा दिसेना. तेव्हा कुणीतरी अंबादासअण्णांचं नाव सांगितलं.

मला वाटलं येतील, एखादं यंत्र लावतील, जातील. अण्णांनी पहिल्या दिवशी पिशवीच उघडली नाही. घरभर फिरले. कोण कुठं बसतं, किती वाजता बसतं, फोन घेऊन गच्चीवर कोण जातं, सगळं सुमनला विचारलं, मला नाही. भिंतींवर बोटांच्या पेरांनी वाजवून बघितलं. मी भिंती जाड बांधल्यात, लोखंडाला कंजुषी केलेली नाही.

"किल्ला बांधलाय की मालक," ते म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. नंतर कळलं, ती तक्रार होती.

मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागं त्यांनी घराचा नकाशा काढला आणि सांगितलं की एका पेटीनं भागणार नाही. खालच्या पेटीनं फक्त लाइन घ्यायची, म्हणजे ती मोडेम. तिचं वायफाय बंद करून टाकायचं. वायफाय देणारा राऊटर वेगळा, तो घराच्या मध्यात, दुसऱ्या मजल्यावरून वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर. दोन्हींच्या मधे वायर. मला वाटलं गिऱ्हाइकाला दोन वस्तू विकायची ही युक्ती. मी आयुष्यभर हेच केलंय, मला ती लांबून दिसते. तसं मी बोलूनही दाखवलं.

ते म्हणाले, "मालक, नळाचं कनेक्शन तुमच्या दारात हाय, खाली. आन् टाकी कुटं हाय?"

"गच्चीवर."

"मग टाकी नळापाशी का न्हाई ठिवली?"

चार दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावात टाकीचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. राऊटर घ्यायचं ठरलं.

आता भाव. त्यांच्या पिशवीत पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, त्यावर त्यांचे दर लिहिलेले. मी कमी करायला सांगितलं की ते पुठ्ठा माझ्यासमोर धरायचे. मी जास्त बोललो तरी तेच. रागावलो तरी तेच. उठून गेलो आणि परत आलो तेव्हा पुठ्ठा तिथंच होता. माणूस भांडला तर भाव तुटतो, हा गृहस्थ भांडतच नव्हता. शेवटी मी म्हणालो, वायर मी आणतो. ओळखीच्या दुकानातून दोन्हीकडं प्लग बसवलेली तयार वायर आणली, टेपनं मोजून, बेताची, एक हात जास्त नाही. अण्णांनी प्लग बोटात धरला, त्याची ती बारीक प्लास्टिकची कडी, जी आत गेल्यावर टक् करून अडकते, ती नखानं दोनदा दाबून बघितली.

"चालंल का?" मी विचारलं.

"आज चालंल," म्हणाले आणि लावली.

त्यांची एक पद्धत होती. लावलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या चिकटपट्टीची चिठ्ठी लावायची. मागावर सुताचा रूळ चढला की त्यावर चिठ्ठी असते, कुणी भरला, कधी भरला. तसंच इथं. मोडेमवर गोल शाळकरी अक्षरात लिहिलं, 'हे आधी चालू करणे'. राऊटरवर, 'मोडेमनंतर दोन मिनिटांनी'. लाइट गेली तरी दोन्ही चालू राहावीत म्हणून लावलेल्या छोट्या बॅटरीवर, 'पाणी लावू नये'. आणि वायरीवर, दोन्ही टोकांना, 'वायर मालकांनी आणली'.

मी ती वाचली. सुमननं वाचली. येणारा-जाणारा जिन्यावरून जाताना वाचायचा. काढून टाका म्हटलं तर म्हणाले, खोटं असंल तर काढतो.

सगळं झाल्यावर त्यांनी घरातल्यांना मधल्या खोलीत बोलावलं. विचारलं, यावर पोट कुणाचं हाय? सगळ्यांनी प्राजक्ताकडं बघितलं. मग त्यांनी दोन पासवर्ड तयार केले. एक वायफायचा, तो कागदावर लिहून स्वयंपाकघरात फळीच्या वर चिकटवला, सगळ्यांसाठी. दुसरा राऊटरचा, ज्यानं आत जाऊन नेट कुणाचं चालू, कुणाचं बंद, सगळं ठरवता येतं. तो वेगळ्या कागदावर लिहून त्याची घडी माझ्या डोळ्यांदेखत सुनेच्या हातात दिली. घर माझं, राऊटर माझ्या पैशानं आलेला, आणि त्याची किल्ली मला नाही.

हे काही ते माझ्याशीच वागले असं नाही, हेही खरं. एका वकिलांच्या घरी त्यांनी ती घडी वकिलांना न देता त्यांच्या कारकुनाला दिली होती, कारण कोर्टाचे कागद तो पाठवायचा. वकीलसाहेब कायद्याचं बोलायला लागले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, शेवटचा कागद तुमी स्वता कवा पाठविला?" तिथंच ते संपलं. ही गोष्ट मला त्या कारकुनानंच सांगितली, आणि सांगताना तो जरा ताठ बसला होता.

महिनाभर नेट असं चाललं की ते आहे हे विसरायला झालं. मग एका सकाळी माझं डोकं फिरलं. गोदामात गाडी उतरत होती, हमाल उभे, आणि महेश वर फोनवर क्रिकेट बघत बसलेला. दोन हाका मारल्या, आला नाही. मी वर जाऊन प्राजक्ताला म्हणालो, तो कागद दे, नेट बंदच करतो. ती म्हणाली, "बाबा, माझी मीटिंग चालू होतेय, फक्त ह्यांच्या फोनचं नेट बंद करायचं तर सांगा, मी करते." बरोबर बोलली. पण मला तेव्हा बरोबर ऐकायचं नव्हतं. मी अण्णांना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. माझ्या घरात माझी सत्ता नाही, ही काय पद्धत.

त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मालक, तुमी रागात बंद कराल, आन् ती कामात आसंल. म्हणून तिला दिलं."

मी म्हणालो, पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नका.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दहाबारा दिवसांत नेट तुटायला लागलं. दिवसातून तीनचारदा, दोनपाच मिनिटं, मग आपोआप किंवा कुणी हात लावला की परत. कंपनीचा माणूस दोनदा आला. मोडेमचे सगळे दिवे हिरवे, लाइन उत्तम, असं सांगून गेला. प्राजक्ता बोलता बोलता मधेच गोठायची म्हणे, तिकडच्यांना नुसता तोंड उघडलेला चेहरा दिसायचा. सुमनला वाटायचं तिला बरं नाही. तिसरा महिना संपत आला होता. पुण्याहून तिच्या साहेबांनी कळवलं की गुरुवारी अकराची मोठी मीटिंग, तिनं तीन महिन्यांचं काम सगळ्यांना दाखवायचं, त्यावर ठरेल. बुधवारी संध्याकाळी घरी आलो तर सुमन स्टीलचे डबे पुसून पिशवीत भरत होती. कुणाचे विचारलं तर म्हणाली, पुण्यात लागतील त्यांना.

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता मी साखर पेठेत अण्णांच्या दारात उभा होतो. ते ओट्यावर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होते. त्यांच्या बायकोनं आतून तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यांनी तेलुगूतच एका शब्दात उत्तर दिलं, तो शब्द काय होता मला आजही जाणून घ्यायचंय. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या फोनबद्दल मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. एकच प्रश्न केला.

"कोणत्या वारी तुटत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. प्राजक्ताला फोन केला. तिनं सगळं लिहून ठेवलेलं होतं, ती तशीच आहे. म्हणाली, शुक्रवारी एकदाही तुटलेलं नाही.

अण्णांनी मिक्सरवर फडकं टाकलं आणि पिशवी उचलली. स्कूटरवर मागं बसल्यावर म्हणाले, "तुमच्या जिन्याच्या पल्याडला माग चालू झालं का?"

झाले होते. आमच्या जिन्याच्या भिंतीला लागून कारखाना आहे. राऊटर बसवला तेव्हा तो बंद होता, मालकाकडं टॉवेलची ऑर्डर नव्हती. दीडेक महिन्यानं ऑर्डर आली, बाराच्या बारा माग सुरू झाले. सुट्टी शुक्रवारी. त्या खडखडाटात मी तीस वर्षं राहतोय, मला तो सुरू झालेला कळतही नाही.

अण्णांनी वळणावर उभं राहून भिंतीवर तळहात ठेवला, मग माझा हात धरून तिथं ठेवला. भिंत थरथरत होती. बारीक, सारखी. मग त्यांनी राऊटरमधला वायरीचा प्लग दोन बोटांत धरून, कडी न दाबता, नुसता ओढला. तो लोण्यातून निघावा तसा बाहेर आला. माग चालले की प्लग केसाकेसानं सरकत होता. कडी धरतच नव्हती.

माझी वायर. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, चिठ्ठी तिथं होती. प्राजक्ता खाली वाकली, ती वाचली आणि हसली. महेश हसला. सुमन पदर तोंडाला लावून हसली. अण्णा हसले नाहीत. माझा राग आहे तो इथं आहे. ते हसले असते तर मी भांडलो असतो आणि फिट्टंफाट झाली असती.

साडेदहा झाले होते. अण्णांनी दोन्हीकडचे प्लग कापून टाकले, पिशवीतून नवे काढले, आठ रंगीत तारा नखानं सरळ करून ओळीत लावल्या आणि पकडीत दाबल्या. मग म्हणाले, राऊटर या भिंतीवर ठेवायचा नाही, समोरच्या भिंतीवर घ्यायचा. मी म्हणालो, नवा प्लग आहे की आता. ते म्हणाले, आज परीक्षा बघायची नाही. पण वायर समोरच्या भिंतीपर्यंत पोचेना. बेताची आणलेली, त्यात दोन्ही टोकं कापलेली. जोड द्यायला वेळ नाही, आणि अकराला मीटिंग सुरू झाली की ड्रिलचा आवाज करता येणार नाही.

महेशनं खाली जाऊन मोडेम बंद करून परत लावला. मी राऊटरच्या बटणाकडं हात नेला तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "दोन मिनिटं मालक. आधी त्याला उठू द्या."

वरून प्राजक्ता म्हणाली, "अण्णा, पाच मिनिटं राहिली."

"व्हय माय," ते म्हणाले आणि माझं मनगट सोडलं नाही. दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी स्वतः बटण दाबलं. एकेक दिवा लागत गेला. वरून "आलं" असा आवाज आला आणि दार बंद झालं.

अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले, भिंतीची थरथर लागू नये म्हणून राऊटर मांडीवर घेतला, वर दोन्ही हात अलगद ठेवून. वायर पायऱ्यांवरून आडवी, हवेत ताणलेली. कुणी अडखळू नये म्हणून मला खालच्या पायरीवर बसावं लागलं. सुमन स्वयंपाकघरात अडकली, तिला वर जायचं होतं, मी बोटानंच नाही म्हटलं. पलीकडं बारा माग. वर बंद दारामागं प्राजक्ताचा आवाज, शब्द कळत नव्हते, फक्त तो थांबत नव्हता एवढं कळत होतं. अण्णा दिव्यांकडं बघत होते. मी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, त्यांनी मान हलवून गप्प केलं. सव्वा तास.

मग दार उघडलं. प्राजक्ता आमच्याकडं न बघता फोनवर बोलत बाहेर आली. पुण्याच्या घरमालकांशी बोलत होती. खोली या महिनाअखेर सोडतोय, सामान न्यायला महेश येतील, असं सांगत होती. फोन ठेवून तिनं आम्हा दोघांना तसं बसलेलं बघितलं आणि ती तिथंच पायरीवर बसली. "झालं, अण्णा," एवढंच म्हणाली. खालून भांड्यांचा आवाज आला, सुमन पिशवीतले डबे काढून परत फळीवर ठेवत होती.

अण्णांनी वायरीला जोड दिला, राऊटर समोरच्या भिंतीवर दोन स्क्रूंनी पक्का केला. तो आजही तिथंच आहे आणि नेट एकदाही तुटलेलं नाही. तो कागद आजही प्राजक्ताकडंच आहे. त्या दिवाळीनंतर अण्णा भिवंडीला लेकीकडं राहायला गेले असं कळलं. मी त्यांना फोन केला नाही. काय बोलणार होतो, ते अजून जुळत नाही.

त्या दिवशी काम आटपून ते निघाले, तेव्हा सव्वा तास एका अंगावर बसल्यानं त्यांचा पाय आखडला होता. दोनदा टेकवून बघितला, जमेना. मी एक पायरी खाली उभा होतो. त्यांनी काही न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला. दीड जिना आम्ही तसेच उतरलो, एकेक पायरी, ते मागं आणि मी पुढं. वजन काही नव्हतं त्यांचं. मी पन्नास किलोची पोती त्याच खांद्यावरून वाहिलेली आहेत. खाली आल्यावर त्यांनी हात काढला, चप्पल घातली, पिशवी नीट केली आणि किंचित लंगडत गल्लीतून निघून गेले. मी दारात उभा राहिलो, ते दिसेनासे होईपर्यंत.